डाव्या वळणावर पेट्रोल कुठे जाते?

फोंड्याजवळच्या एका गॅरेजात माझ्या मित्राची 1960 च्या दशकातली शर्यतीची गाडी उभी असते. सरळ रस्त्यावर तिच्याविषयी काही तक्रार नव्हती. पण डावे वळण जोरात घेतले की इंजिन मिसिंग मारत असे, पेट्रोल आणि हवा मिसळणाऱ्या कार्बोरेटरमधून फट्‌फट् आवाज येई आणि वळण संपताच सारे पुन्हा सुरळीत होई. अशा वेळी पहिला हात मोठा जेट (कार्बोरेटरमधून पेट्रोल मोजून सोडणारी बारीक भोकाची तोटी) बसवण्याकडे जातो आणि तिथेच चूक होते, असे माझे ठाम मत आहे. कारण जेटपर्यंत पेट्रोल पोहोचतच नसेल, तर त्याचे भोक मोठे करून काय साधणार?

कार्बोरेटरच्या बाऊलमध्ये, म्हणजे पेट्रोल साठवणाऱ्या वाटीत, फ्लोट (तरंगणारा भाग) आणि नीडल (त्याच्यासोबत उघडमिट होणारी सुई) मिळून पेट्रोलची पातळी राखतात, पण वळणावर हे पेट्रोल बाहेरच्या बाजूला चढते. 20 मीटर त्रिज्येच्या वर्तुळात ताशी 36 किलोमीटर वेगाने गाडी फिरवली, तर बाजूचे त्वरण गुरुत्वाकर्षणाच्या साधारण निम्मे होते आणि पेट्रोलचा पृष्ठभाग सुमारे 27 अंशांनी तिरका होतो. त्यात गाडी बाहेरच्या बाजूला कलते, तो कोनही मिळवावा लागतो. जडत्वाचा हा त्रास विमानांनाही झाला आहे: 1940 मध्ये स्पिटफायरचे नाक झटक्यात खाली घातले की इंजिन अडखळत असे, आणि त्यावर पेट्रोलचा लोंढा आवरणारी भोकाची साधी चकती शोधून काढणाऱ्या अभियंत्या बिअट्रिस शिलिंग स्वतः मोटारसायकलींच्या शर्यतीत उतरत असत.

दुसरा संशय टाकीचा. टाकी अर्धी असली की वळणावर पेट्रोल नळीच्या तोंडापासून दूर सरकते आणि पंप हवा ओढू लागतो. मात्र बाऊलमध्ये थोडी शिल्लक असल्याने हा दोष उशिरा, लांब वळणात किंवा वळण संपल्यावर जाणवतो. म्हणून इंजिन लगेच अडखळते की काही सेकंदांनी, हे सर्वांत आधी पाहावे.

आम्ही एका बंद आवारात खडूने वर्तुळ आखले आणि टाकी आधी अर्धी, मग काठोकाठ भरून गाडी दोन्ही दिशांनी फिरवली. डावीकडे फिरताना ती दोन्ही वेळा पाव फेरीच्या आत अडखळली, उजवीकडे एकदाही नाही, त्यामुळे टाकी संशयातून सुटली. अडखळत असतानाच इंजिन बंद करून काढलेला स्पार्क प्लग पांढरट निघाला, म्हणजे पेट्रोल कमी पडत होते. पेट्रोल जास्त होत असते, तर त्यावर काजळी दिसली असती.

मग कार्बोरेटर उतरवून, उघड्या हवेत आणि आगीपासून दूर, बाऊलमध्ये नेहमीच्या पातळीइतके पेट्रोल ओतले. कंपासपेटीतला 30 अंशांचा गुण्या बाजूला धरून बाऊलची डावी कड उचलली, आणि मध्यापासून 15 मिलिमीटर डावीकडे असलेला जेट डोळ्यांदेखत उघडा पडला. सपाटीवर त्याच्यावर अवघे 7 मिलिमीटर पेट्रोल होते आणि या कलात तिथली पातळी जवळजवळ 9 मिलिमीटर उतरत होती. फ्लोटची जिभली किंचित वाकवून पातळी 4 मिलिमीटर वर आणली, तेव्हा त्याच कलात जेट बुडालेला राहिला आणि वर्तुळातही गाडी एकसारखी फिरली. मात्र आता उजव्या कलात पेट्रोल व्हेंटच्या (बाऊलच्या हवेच्या छिद्राच्या) तोंडाशी येऊन ठेपते, तेव्हा याहून जोरात वळायचे, तर जेटभोवती पेट्रोल अडवून धरणारा आडपडदाच बसवावा लागेल.