वाळपई आणि सत्तरीच्या जमिनीचं जुनं दुखणं

जानेवारी २०२१मध्ये गोव्यातल्या सत्तरी तालुक्यात शेळ-मेळावलीच्या लोकांनी आयआयटीसाठी होणारी जमिनीची मोजणी अडवली. पोलिसांशी झटापट झाली आणि त्याच महिन्यात सरकारने प्रकल्प तिथून मागे घेतला. बाहेरून पाहणाऱ्यांना हा एका प्रकल्पाला झालेला विरोध वाटला. पण सत्तरीत जमिनीचं भांडण फार जुनं आहे आणि तालुक्याचं ठाणं असलेल्या वाळपईचा इतिहासही त्याच भांडणातून घडला आहे.

सत्तरी पोर्तुगिजांच्या हाती आली अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात, म्हणजे तिसवाडी, बार्देश, साष्टीनंतर दोन शतकांहून अधिक काळाने. त्या जुन्या काबिजादीत, म्हणजे आधी जिंकलेल्या मुलखात, जमीन कोमुनिदादीच्या, म्हणजे गावाच्या सामुदायिक संस्थेच्या ताब्यात होती. इथे मात्र बहुतेक गावं राणे घराण्यांच्या मोकाशात, म्हणजे इनामात होती. शेत कसायचं कुळाने आणि हक्क मोकासदाराचा, अशी ही व्यवस्था. पुढे त्याच राण्यांनी पोर्तुगिजांविरुद्ध शस्त्र उचललं. १८५२मध्ये दीपाजी राणे यांनी वाळपईजवळचा नाणूसचा किल्ला घेतला. जमिनीवरचे वाढीव कर हे त्यामागचं एक मोठं कारण होतं. हे बंड १८५५पर्यंत चाललं. १८९५मध्ये मोझांबिकला जायला नकार देणारे मराठा शिपाई नाणूसलाच जमले आणि दादा राणे त्यांच्या पाठीशी उभे राहिले. या बंडांचा अभिमान इथल्या माणसाला आहे आणि तो असायलाच हवा. पण नांगर धरणाऱ्याच्या नावावर जमीन झाली नाही, हेही तितक्याच स्पष्टपणे सांगायला हवं.

शेतीचं म्हणाल तर खोऱ्यात भात, ओहोळांच्या काठाने माडा-पोफळींची कुळागरं आणि डोंगर-उतारांवर कुमेरी, म्हणजे फिरती शेती. रान तोडायचं, जाळायचं, नाचणी पेरायची आणि पुढच्या वर्षी जागा बदलायची. म्हादईच्या काठच्या काही गावांत पावसाळ्यानंतर नदीपात्रातच बांध घालून पुरण शेती होते. असलं कसब कुठल्याही शाळेत शिकवलं जात नाही. गोवा मुक्तीनंतर कुमेरीवर बंदी आली आणि उतारांवर काजू पसरला. आज मार्चपासून मेपर्यंत घराघराचा पैसा काजूबियांतून आणि भाट्यांवर गाळलेल्या हुर्राकातून, म्हणजे काजूच्या दारूतून येतो. अंजुणे धरणामुळे काही गावांना उन्हाळी पीकही घेता येऊ लागलं.

कायदे आले. १९६४चा कूळ कायदा, १९७५चा मुंडकार (भाटकाराच्या जमिनीत घर करून राहणाऱ्यांसाठीचा) कायदा, १९७६ची ‘कसेल त्याची जमीन’ दुरुस्ती. गोव्यात इतरत्र अनेक कुळांना त्यांचा लाभ झाला. मोकाशाच्या आणि सरकारी जमिनींवर मात्र घोडं अडलं. मुक्तीनंतरच्या भूमापनात अशा किती तरी जमिनींच्या वन-फोर्टीन (जमिनीच्या हक्कांच्या) उताऱ्यावर कसणाऱ्याचं नावच लागलं नाही. नाव नाही म्हणून पीककर्ज नाही, विहिरीला अनुदान नाही आणि जमीन गेली तर भरपाईचा दावाही लंगडा.

१९९९मध्ये म्हादई अभयारण्य घोषित झालं आणि त्याच्या हद्दीत वस्त्या, बागायती आल्या. जुलै २०२३मध्ये उच्च न्यायालयाने तिथे व्याघ्रप्रकल्प अधिसूचित करण्याचा आदेश दिला. राज्य सरकार त्याविरोधात सर्वोच्च न्यायालयात गेलं. वाघ जगलाच पाहिजे, म्हादईचं पाणी त्याच रानातून येतं. तरीही सत्तरीतल्या वनहक्क दाव्यांचा आणि मोकाशाच्या जमिनींचा निकाल आधी लागायला हवा, कारण तोवर अभयारण्याची प्रत्येक नवी रेषा या शेतकऱ्याला आपल्याला उठवण्याची नोटीसच वाटत राहील.