नीळ म्हणजे ब्लीच नव्हे

पांढऱ्या शर्टावर शाई सांडली की घरातलं कुणीतरी हमखास सांगतं, "थोडी नीळ घाल, जाईल." नीळ घालून शाई जात नाही. जाणं शक्यच नाही, कारण नीळ कपड्यातून काही काढत नाही, ती स्वतःच एक रंग आहे. उलटी चूकही तितकीच होते. नीळ संपली म्हणून कुणी शेवटच्या पाण्यात झाकणभर ब्लीच ओततं आणि काही महिन्यांनी चादर हातात विरते. दोन्ही 'पांढऱ्या कपड्यांसाठी' म्हणून एकाच फळीवर ठेवलेली असतात, त्यामुळे हा घोळ होतो.

धुण्याला अख्खा दिवस जायचा त्या काळात हा घोळ फारसा होत नसावा. तेव्हा प्रत्येक गोष्टीची वेळ ठरलेली असे. आजीचं धुणं आदल्या रात्रीच सुरू व्हायचं. पांढरे कपडे वेगळे काढून सोड्याच्या पाण्यात भिजत पडायचे. सकाळी मोठ्या भांड्यात ते उकळायचे, लाकडी दांडक्याने ढवळायचे, मग बाहेर काढून साबण लावून चोळायचे, धोपटायचे. त्यानंतर तीन पाण्यांतून खळबळून काढायचे. नीळ यायची ती या सगळ्यानंतर, शेवटच्या स्वच्छ पाण्यात. मग खळ, पीळ आणि दोरी. हे सगळं संपेपर्यंत दुपार कलायची आणि आजीच्या बोटांच्या टोकांना सुरकुत्या पडलेल्या असायच्या.

माझ्याकडे काम असायचं ते निळीच्या पुरचुंडीचं. जुन्या कापडाच्या तुकड्यात नीळ बांधून ती पाण्यात फिरवायची, मधूनमधून दाबायची. पाणी पुरेसं निळं झालं की नाही हे आजी बादलीत बघून ठरवत नसे. ती ओंजळीत पाणी घेऊन बघे. बादलीतलं पाणी खोल असल्यामुळे गडद दिसतं. ओंजळीत तेच पाणी फिकं आभाळी दिसलं तर बरोबर, तिथेही गडद दिसलं तर जास्त झालं. कपडा झटकून, पूर्ण उलगडून बुडवायचा आणि लगेच काढायचा. बोळा करून टाकला तर घडीघडीत निळे पट्टे बसत.

एवढी काळजी कशाला, हे मला तेव्हा कळत नसे. निळीची भुकटी बहुतेक वेळा पाण्यात विरघळतच नाही. तिचे अतिशय बारीक कण पाण्यात नुसते तरंगत राहतात आणि पाणी स्थिर झालं की तळाशी बसतात. तळाशी पडलेल्या कपड्यावर मग निळे डाग. पुरचुंडी म्हणजे गाळणी आणि ढवळणं म्हणजे कण तरंगते ठेवणं, इतका साधा हिशेब.

आता मूळ प्रश्न. पांढरा कपडा पिवळा का पडतो? सुताला मुळात थोडी पिवळट झाक असते. त्यात अंगाचं तेल धाग्यात मुरून हवेने पिवळं पडतं. पाणी जड असेल तर साबणाचा चिकट साका आत राहतो. या सगळ्यांची खोड एकच: उजेडातला जांभळा-निळा भाग ते गिळतात. कपड्यावरून परत येणाऱ्या उजेडात निळा कमी पडतो आणि डोळ्याला उरलेला उजेड पिवळट दिसतो.

यावर उपाय दोनच. निळा गिळणारे ते पदार्थ नष्ट करायचे, हे ब्लीचचं काम. किंवा ते आहेत तिथेच राहू द्यायचे आणि उजेडातला पिवळा-नारिंगी भागही तेवढाच कमी करायचा, म्हणजे दोन्हीकडचं पारडं समान होतं. हे निळीचं काम. निळा रंग पिवळा-नारिंगी उजेड गिळतो, म्हणून तो इथे उपयोगी पडतो.

यातून निघणारी गोष्ट पहिल्यांदा कळली तेव्हा मला पटायला वेळ लागला. नीळ दिलेला कपडा आधीपेक्षा कमी उजेड परत पाठवतो. मोजायला गेलं तर तो किंचित काळवंडलेला असतो! पण आपल्या डोळ्याला पिवळी झाक चटकन खुपते आणि थोडासा अंधारेपणा जाणवत नाही. निळसर झाकेचा पांढरा तर साध्या पांढऱ्याहून जास्त शुभ्र वाटतो. म्हणजे ज्या कपड्याला आपण बगळ्याच्या पंखाची उपमा देतो, तो खरं तर अगदी फिकट करडा असतो. ही युक्ती फक्त धुण्यापुरती राहिली नाही. कागद पांढरा दिसावा म्हणून त्यात निळा रंग मिसळत, साखर कारखान्यांत साखरेतही मिसळत, आणि पिकलेल्या केसांची पिवळट झाक घालवायला केसांना निळा हात देण्याची पद्धतही यातलीच.

ब्लीच डोळ्याशी खेळत नाही, ते थेट पदार्थाशी भिडतं. डागाला रंग येतो तो त्याच्या रेणूंतल्या एकाआड एक दुहेरी बंधांच्या साखळीमुळे. घरगुती ब्लीचमधलं सोडियम हायपोक्लोराइट ही साखळी तोडतं. साखळी तुटली की तो रेणू दिसणारा उजेड गिळेनासा होतो. बारकाईने बघितलं तर ब्लीच डाग 'काढतं' असंही नाही. ते डागाचा रंग मोडतं, तुकडे मागे राहतात आणि मग पाण्यासोबत वाहून जातात. पण मोडलेला रंग परत येत नाही. नीळ मात्र पुढच्या धुण्यात बरीचशी निघून जाते, म्हणून ती दर वेळी नव्याने द्यावी लागते.

तोडफोड करणारी गोष्ट डागापाशीच थांबेल, अशी अपेक्षा करू नये. हायपोक्लोराइट सुताच्या धाग्यालाही हळूहळू कापत जातं. लोकर आणि रेशीम तर प्रथिनांचे धागे. ते ब्लीचमध्ये आधी पिवळे पडतात, आणि तीव्र ब्लीचमध्ये बुडवून ठेवलेली लोकर चक्क विरघळून जाते. गंजाच्या डागावर ब्लीच घालणं ही आणखी एक नेहमीची चूक. गंजाचा रंग या साखळ्यांतून येत नाही, लोखंडातून येतो. ब्लीचने तो जात नाही, उलट आणखी पक्का होतो. त्याला आंबट काहीतरी लागतं.

ब्लीचची बाटली येण्याआधी हे काम ऊन करत असे. सोड्याच्या किंवा राखेच्या पाण्यात उकळलेलं कापड गवतावर पसरायचं, वाळत आलं की पुन्हा पाणी शिंपडायचं, आणि हे आठवडेच्या आठवडे चालायचं. नवं लिननचं, म्हणजे जवसाच्या धाग्याचं, कापड पूर्ण पांढरं व्हायला महिने लागत आणि त्यासाठी मोठमोठी कुरणं अडकून पडत. मधल्या टप्प्यात कापड आंबट दुधात बुडवून ठेवत. १७५६ मध्ये फ्रान्सिस होम या स्कॉटिश वैद्याने दुधाऐवजी पातळ गंधकाम्ल वापरायची सूचना केली आणि तो टप्पा बराच आखूड झाला. पण कुरणं मोकळी झाली ती क्लोरीनमुळे. शेले या रसायनशास्त्रज्ञाने १७७४ मध्ये हा वायू तयार केला. तो कापडाचा रंग घालवतो, याचा उपयोग बर्थोलेने १७८५ च्या सुमारास दाखवून दिला. १७९९ मध्ये चार्ल्स टेनंटने विरंजक चूर्णाचं, म्हणजे ब्लीचिंग पावडरचं, पेटंट घेतलं आणि महिन्यांचं काम दिवसांवर आलं. हायपोक्लोराइटचं पातळ पाणी पॅरिसजवळच्या जाव्हेल गावी तयार होऊ लागलं. त्याला आजही काही ठिकाणी त्या गावाच्याच नावाने ओळखतात.

निळीची गोष्ट वेगळी आहे, आणि तिच्यात एक जास्तीचा घोळ दडलेला आहे. नीळ हे नाव एका झुडपाचं. त्याच्या पानांतून निघणारा रंग कापड रंगवायला वापरत आणि धुण्याच्या पाण्यातही घालत. नाव तेच राहिलं, पण आतला माल दोनदा तरी बदलला. अठराव्या शतकाच्या सुरुवातीला बर्लिनमध्ये अपघातानेच एक गडद निळा रंग सापडला. त्याला प्रशियन ब्लू म्हणतात, त्यात लोखंड असतं. दुसरा रंग अल्ट्रामरीन. तो पूर्वी लाजवर्दी दगड कुटून काढत आणि चित्रकारांना तो फार महाग पडे. तो कारखान्यात बनवून दाखवणाऱ्याला ६,००० फ्रँकचं बक्षीस फ्रान्समधल्या एका संस्थेने १८२४ मध्ये जाहीर केलं आणि १८२८ मध्ये गिमे यांना ते मिळालं. पांढरी माती, सोडा, गंधक आणि कोळसा एकत्र भाजून बनणारा हा रंग इतका स्वस्त झाला की चित्रकाराच्या डबीतून तो थेट धुण्याच्या बादलीत आला. भुकटी किंवा वडी म्हणून मिळणारी नीळ बहुतेक वेळा हीच. पातळ, बाटलीतल्या निळींत प्रशियन ब्लूही वापरलं गेलं.

हा फरक महत्त्वाचा आहे, कारण दोघींचे वैरी उलटे आहेत. प्रशियन ब्लूला अल्क चालत नाही. सोडा, साबण किंवा ब्लीच कपड्यात राहिलं असेल तर ते मोडतं, त्यातलं लोखंड सुटं होतं आणि इस्त्री फिरवल्यावर कपड्यावर तांबूस गंजाचे ठिपके उमटतात. ते बघून माणूस पुन्हा ब्लीच घालतो आणि ठिपके आणखी पक्के करतो. आजी तीन पाणी काढल्याशिवाय नीळ देऊ देत नसे, त्यामागचं कारण मला हे वाचल्यावर समजलं. तिला प्रशियन ब्लू हा शब्द माहीत असण्याचं कारण नव्हतं. साबण राहिला तर नीळ "फुटते", एवढंच ती म्हणायची.

अल्ट्रामरीन साबण-सोड्याला जुमानत नाही. तिला आम्ल चालत नाही. एकदा पुरचुंडी फिरवायचा कंटाळा आला म्हणून मी चमचाभर भुकटी थेट बादलीत, ओल्या उशीच्या अभ्र्यांवर टाकली होती. अभ्रे देवीचे व्रण आल्यासारखे निळ्या ठिपक्यांनी भरून गेले. चोळून ते जाईनात. आजीने शांतपणे आंबट पाणी केलं, अभ्रे त्यात भिजत घातले आणि थोड्या वेळात ठिपके फिकट होत गेले. बादलीवर वाकलं की कुजक्या अंड्याचा अगदी पुसट वास येत होता. तो अभ्र्यांचा नव्हता. आम्लाने अल्ट्रामरीन फुटते तेव्हा तिच्यातलं गंधक हायड्रोजन सल्फाइड होऊन बाहेर पडतं, त्याचा तो वास. (ही युक्ती ब्लीच लागलेल्या कपड्यावर करू नका. ब्लीच आणि आम्ल एकत्र आलं की क्लोरीन वायू सुटतो, आणि बंद न्हाणीघरात तो जीवावर बेतू शकतो. ब्लीच आणि अमोनिया एकत्र आले तरी विषारी वायू सुटतो.)

दोन्ही वापरायची असतील तर क्रम ठरलेला आहे: आधी ब्लीच, मग भरपूर पाणी, आणि नीळ सगळ्यात शेवटी. ब्लीच कोमट किंवा गार पाण्यात, मोजून आणि ठरावीक वेळच. नीळ गार पाण्यात, आणि कपडे आत टाकून गप्पा मारायला जायचं नाही.

मशीनच्या काळात निळीची डबी मागे पडली, त्याचं श्रेय मशीनला कमी आणि पावडरीला जास्त. १९०७ मध्ये जर्मनीत पर्सिल ही धुण्याची पावडर आली. तिच्यातलं परबोरेट गरम पाण्यात प्राणवायू सोडायचं, म्हणजे साबणातच सौम्य विरंजक मिसळलं गेलं आणि गवतावर पसरण्याचं काम पातेल्यात होऊ लागलं. नंतर आले ते चमक देणारे पदार्थ. १९२९ मध्ये पॉल क्राइस यांनी दाखवलं की हॉर्स चेस्टनट झाडाच्या सालीतल्या अर्काने कापड जास्त पांढरं दिसतं. असे पदार्थ न दिसणारा अतिनील प्रकाश घेतात आणि तोच निळ्या उजेडाच्या रूपात परत देतात. नीळ पिवळा उजेड कमी करून तोल साधायची, हे निळा उजेड वाढवून साधतात. त्यामुळे कपडा करडा होत नाही, उलट खरोखर उजळतो. आजच्या बहुतेक पावडरींत हे असतातच. जांभळ्या दिव्याखाली पांढरा शर्ट चमकतो, तो यांच्यामुळे.

म्हणून आज मशीनमध्ये धुतलेल्या कपड्यांना वरून नीळ देण्यात फारसा अर्थ नाही. जुन्या सुती चादरी, ज्यांचा पिवळटपणा साध्या साबणाने जात नाही, त्यांना ती अजून शोभते. पण तीही हात राखूनच. वर्षानुवर्षं नीळ साचत गेली की कपड्यावर एक मळकट निळसर-करडी छटा बसते, आणि खालचा पिवळा तसाच राहिलेला असतो. आजीच्या काही चादरींचं असं झालं होतं. मग ती दोन-तीन धुण्यांना नीळ बंद करायची, चादरी पुन्हा सोड्यात उकळायची आणि ओल्याच गवतावर पसरायची. दुपारभर मला तांब्या घेऊन त्यांच्याभोवती फिरायला लावायची, कुठे कोरडी दिसली की पाणी शिंपड म्हणून.