पाच बूथच्या चिठ्ठ्या: शीत सापडेल, खडा सापडेल का?

निवडणुकीचा निकाल लागला की कोल्हापुरात बिंदू चौकापासून रंकाळ्यापर्यंत दोनच बाजू उरतात. हरलेले म्हणतात, "मशीन मॅनेज केलं, ब्लूटूथनं." जिंकलेले म्हणतात, "मशीन हॅक होतच नाही." गडबड करता येते का, यावर दोघं भांडतात. झालीच तर ती पकडली जाईल का, हे कुणी विचारत नाही.

आधी ब्लूटूथचं बघू. आपल्या मतदान यंत्रात वायफाय, ब्लूटूथ, इंटरनेट काहीच नाही. बूथबाहेर मोबाईल घेऊन उभ्या राहिलेल्या माणसाचा उपयोग स्ट्राँगरूमवरून लिंबू उतरवण्याइतकाच. पण २०१० साली अ‍ॅलेक्स हाल्डरमन, हरी प्रसाद आणि रॉप गोंग्रिप या संशोधकांनी खरं भारतीय मशीन उघडून त्यात बनावट डिस्प्ले बसवला आणि फोनवरून आकडे फिरवून दाखवले. म्हणजे मशीन हातात पडलं, सील गेलं, तर खेळ होऊ शकतो. ते मशीन चिठ्ठीशिवायचं, जुन्या पद्धतीचं होतं.

व्हीव्हीपॅट, म्हणजे मत कुणाला गेलं त्याची चिठ्ठी छापणारं यंत्र, आलं ते म्हणूनच. २०१३ साली नागालँडमधल्या नोकसेनच्या पोटनिवडणुकीत ते पहिल्यांदा वापरलं. चिठ्ठी काचेमागं ७ सेकंद दिसते आणि डब्यात पडते. मशीनचा आकडा आणि चिठ्ठ्यांचा आकडा जुळला नाही, तर चिठ्ठ्यांचा धरायचा, असा नियम आहे. सॉफ्टवेअरवर विश्वास ठेवायची गरजच उरत नाही, कागद मोजला की झालं. फक्त तो मोजला पाहिजे.

२०१९ पासून सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानं प्रत्येक विधानसभा मतदारसंघात ५ बूथच्या चिठ्ठ्या मोजतात. पांढऱ्या कार्डांवर बूथ क्रमांक लिहायचे, घड्या घालून डब्यात टाकायचे, हलवायचं आणि उमेदवारांच्या प्रतिनिधींसमोर ५ उचलायचे. कोल्हापूर जिल्ह्यात १० मतदारसंघ, म्हणजे ५० बूथ. पुरेत का?

शितावरून भाताची परीक्षा होते, कारण सगळा भात एकाच पाण्यात शिजतो. भातात खडा आहे का, ते मात्र एका शितावरून कळत नाही. गडबड सगळीकडं सारखी असेल तर ५ बूथ भरपूर झाले. मोजक्या ठिकाणी असेल तर हिशेब बदलतो.

समजा मतदारसंघात ३०० बूथ आहेत आणि १५० मध्ये गडबड आहे. एक बूथ उचलला तर तो चांगला निघण्याची शक्यता निम्मी. पाचही चांगले निघायचे, तर शंभराला पाच वेळा निम्मं करा: साधारण ३ टक्के. म्हणजे ९७ टक्के वेळा चोरी सापडते. आता गडबड फक्त १० बूथमध्ये धरा. पहिला बूथ चांगला निघण्याची शक्यता ३०० पैकी २९०, दुसरा २९९ पैकी २८९, असं पाच वेळा गुणत गेलं की उत्तर ८४ टक्के येतं. सापडण्याची शक्यता उरली जेमतेम १६ टक्के. ती ९५ टक्क्यांवर न्यायची तर सत्त्याहत्तरच्या आसपास बूथ मोजावे लागतील.

१० बूथनं निकाल फिरतो का? एका बूथवर २०० मतं इकडची तिकडं केली की दोघांतला फरक ४०० नं हलतो. १० बूथ म्हणजे ४,०००. विजय ४०,००० मतांचा असेल तर चोराला १०० बूथ लागतील, आणि तेवढे असले तर ५ बूथ मोजूनही तो ८७ टक्के वेळा सापडतो. विजय ३,००० चा असेल तर त्याला ८ पुरतात आणि तो बहुधा निसटतो. म्हणजे किती बूथ मोजायचे, हे जिंकण्याच्या फरकावर ठरायला हवं.

अमेरिकेत कोलोरॅडो राज्यानं २०१७ पासून हेच सुरू केलं. तिथं लोकांसमोर दहा बाजूंचे फासे टाकून तपासायच्या मतपत्रिका निवडतात. फरक कमी तर नमुना मोठा, आणि हिशेब जुळेना झाला तर नमुना वाढवत शेवटी सगळ्या मतपत्रिका मोजायच्या. आपल्याकडं २६ एप्रिल २०२४ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयानं शंभर टक्के चिठ्ठ्या मोजायची मागणी फेटाळली. ५ आणि सगळ्या यांच्यामध्ये बरीच जागा आहे. कार्डांचा डबा आपल्याकडं आहेच, घट्ट लढतीत त्यातून ५ च का काढायची?