विसराळू चिप आणि बाजारात न आलेला संगणक

कमोडोर कंपनीचा सी-६४ हा घरगुती संगणक एक कोटीहून अधिक खपला. त्याचा वारस म्हणून १९९०च्या सुमारास सी-६५ तयार होऊ लागला. १२८ केबी मेमरी आणि अंगातच बसवलेली साडेतीन इंची फ्लॉपी ड्राइव्ह असं ते आठ बिटांचं यंत्र. पण तोवर त्याच कंपनीचा ताकदवान अमिगा बाजारात होता, मग याला कोण विचारणार? १९९१मध्ये प्रकल्प गुंडाळला गेला. १९९४मध्ये कंपनीच बुडाली, माल विकायला निघाला आणि चाचणीसाठी केलेले सी-६५ बाहेरच्यांच्या हाती लागले. आज संग्राहक त्यांच्यासाठी वाट्टेल ती किंमत मोजतात.

मला मात्र किमतीपेक्षा आतल्या ईप्रॉम चिपचं कुतूहल जास्त. मोठ्या संख्येनं विकायच्या यंत्रात प्रोग्रॅम बहुधा कारखान्यातच चिपच्या रचनेत पक्का केलेला असतो. प्रोटोटाइपमधला प्रोग्रॅम सतत बदलत असतो, म्हणून तिथं पुसून पुन्हा लिहिता येणारी ईप्रॉम लागते. १९७१मध्ये इंटेलमध्ये डोव्ह फ्रोमन यांनी ती शोधली. गोव्यात फर्मागुडीच्या अभियांत्रिकी महाविद्यालयात त्या काळी इलेक्ट्रॉनिक्स शिकलेल्यांना ८०८५ या मायक्रोप्रोसेसरच्या सरावाच्या किटवरची, पाठीवर काचेची खिडकी असलेली चिप बहुधा आठवेल. तीच ही.

तिच्या प्रत्येक पेशीत चहूबाजूंनी विद्युतरोधक ऑक्साइडनं वेढलेला एक कप्पा असतो, दारं-खिडक्या नसलेल्या खोलीसारखा. जास्त व्होल्टेज देऊन त्यात इलेक्ट्रॉन ढकलले की शून्य, कप्पा रिकामा असला की एक. चिपच्या पाठीवरच्या क्वार्ट्झ-काचेच्या खिडकीतून अतिनील किरण पडले की इलेक्ट्रॉनांना ऊर्जा मिळते आणि ते निसटतात. खास दिव्याखाली हे वीसेक मिनिटांत होतं. कडक उन्हात साधारण आठवडा लागतो, ट्यूबलाइटखाली काही वर्षं. म्हणून खिडकीवर अपारदर्शक स्टिकर लावतात. अंधारातही गळती पूर्ण थांबत नाही, आणि उष्णतेनं ती वाढते.

म्हणजे उलटंच झालं. ज्याच्या असंख्य प्रती जगभर आहेत, त्याची स्मृती पक्की. ज्याची मोजकीच यंत्रं उरली, त्याचीच कच्ची. त्यातही सगळ्या सी-६५मध्ये एकच प्रोग्रॅम नव्हता. कुणात आधीच्या तारखेचा, कुणात नंतरचा. एका यंत्रातली चिप कोरी झाली तर कदाचित ती आवृत्तीच संपली. सुदैवानं ईप्रॉम वाचायला काही पुसावं लागत नाही, त्यामुळे आतल्या प्रोग्रॅमची प्रत काढून ठेवता येते. अशा प्रती जपल्या गेल्या म्हणून सी-६५च्या धर्तीवरचा मेगा६५ हा संगणक आज नव्या चिपवर बनवता आला.

आपल्या गोव्याच्या हवेत तर दुहेरी पंचाईत. खाऱ्या दमट वाऱ्यानं चिपचे पाय गंजतात, ओलीनं स्टिकरचा डिंक सुटतो. वर कौलांखालचा माळा उन्हाळ्यात भट्टीसारखा तापतो. आणि पावसानं उघडीप दिली की बुरसटलेलं सामान अंगणात उन्हात टाकायची आपली रीत! कपाटं-पुस्तकांना ती ठीक. चवथीच्या, म्हणजे गणेशचतुर्थीच्या, साफसफाईत एखादा जुना बोर्ड सापडला, तर तो घरातच पंख्याखाली वाळवा. खिडकी उघडी दिसली तर आधी काळी चिकटपट्टी लावा, मग चिप वाचून देणारा कुणी शोधा.