सरकारी कंत्राट हवंय? नागपुरात आधी गिऱ्हाईक ठरवा, मग नोंदणी करा

'सरकारी कामासाठी नोंदणी कुठे करायची?' याचं एका ओळीत उत्तर देता येत नाही, कारण सरकार नावाचं एकच गिऱ्हाईक नसतं. नागपुरात तर ते पावलोपावली दिसतं. वेस्टर्न कोलफिल्ड्स ही कोळसा कंपनी, मॅंगनीज काढणारी मॉइल, एम्स, व्हीएनआयटी, अंबाझरीची आयुध निर्माणी ही केंद्राकडची मंडळी. महापालिका, सुधार प्रन्यास, जिल्हा परिषद, मेडिकल आणि मेयो रुग्णालयं ही राज्याकडची. केंद्राची खाती नेहमीच्या वस्तू आणि सेवा 'जेम' पोर्टलवरून घेतात, राज्याच्या निविदा 'महाटेंडर्स'वर निघतात, रेल्वेचं 'आयआरईपीएस' वेगळं आणि कोळसा कंपन्यांचं निविदा पोर्टल आणखी वेगळं. आपला माल यांपैकी कोण घेणार, हे ठरवल्याशिवाय पोर्टलमागून पोर्टलवर खाती उघडत सुटण्यात अर्थ नाही.

पाया मात्र सगळीकडे सारखाच. पॅन, धंद्याच्या नावाचं चालू खातं, गुमास्ता, जीएसटी, आयकर विवरणपत्रं आणि उद्यम, म्हणजे सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योगांची (एमएसएमई) केंद्राकडची नोंदणी. वस्तूंची वार्षिक उलाढाल 40 लाख आणि सेवांची 20 लाखांपर्यंत असेल तर सर्वसाधारणपणे जीएसटी नोंदणीची सक्ती नाही. पण निविदेत तो क्रमांक बहुतेक वेळा मागतातच, त्यामुळे घेऊन ठेवलेला बरा.

यात सगळ्यांत जपून भरायचा अर्ज उद्यमचा. ही नोंदणी 1 जुलै 2020 पासून सुरू आहे आणि पूर्ण मोफत आहे. पैसे मागणारी, सरकारी वाटावीत अशी संकेतस्थळं बरीच आहेत, म्हणून पत्त्याच्या शेवटी 'जीओव्ही डॉट इन' आहे का ते पाहूनच पुढे जा. आधार, पॅन आणि जिथे लागू असेल तिथे जीएसटी क्रमांक पुरतो, कागद अपलोड करावे लागत नाहीत. 1 एप्रिल 2025 पासूनच्या व्याख्येनुसार यंत्रसामग्रीतली गुंतवणूक अडीच कोटी आणि उलाढाल 10 कोटींपर्यंत असेल तर सूक्ष्म उद्योग, 25 कोटी आणि 100 कोटींपर्यंत असेल तर लघु. दोन्ही अटी पाळाव्या लागतात.

खरी मेख आहे ती व्यवसायाचा प्रकार निवडण्यात: उत्पादन, सेवा की व्यापार. हिंगणा एमआयडीसीत स्वतः लोखंडी कपाटं बनवणारा आणि गांधीबागेतून तीच कपाटं आणून विकणारा, दोघांनाही उद्यम प्रमाणपत्र मिळतं. पण 2021 मध्ये व्यापाऱ्यांना उद्यममध्ये घेतलं गेलं ते बँकांच्या प्राधान्य क्षेत्रातल्या कर्जापुरतंच. सरकारी खरेदीतल्या सवलती त्यांना नाहीत. एजंट घाईघाईत 'ट्रेडिंग'वर टिचकी मारून मोकळा होतो आणि निविदेच्या छाननीत फटका बसतो तो कारखानदाराला. तेव्हा प्रमाणपत्र हातात आलं की आधी हा रकाना वाचा.

या सवलती म्हणजे नेमकं काय? केंद्राच्या 2012 च्या खरेदी धोरणानुसार मंत्रालयांनी आणि सार्वजनिक कंपन्यांनी वर्षाच्या खरेदीतला किमान 25 टक्के भाग सूक्ष्म व लघु उद्योगांकडून घ्यायचा असतो. त्यात 4 टक्के अनुसूचित जाती-जमातींच्या आणि 3 टक्के महिलांच्या उद्योगांसाठी. निविदेसोबत भरायची बयाणा रक्कम माफ. सर्वांत कमी दर मोठ्या कंपनीचा असेल आणि तुमचा दर त्याच्या 15 टक्क्यांच्या आत असेल, तर त्याच दरावर येऊन मालाचा काही हिस्सा पुरवण्याची संधी मिळते. मात्र काम मिळाल्यावरची सुरक्षा ठेव माफ होत नाही, तिची सोय आधीच करून ठेवा. बांधकामाची कंत्राटंही या धोरणात येत नाहीत. आणि हे धोरण केंद्राचं आहे. महापालिकेच्या निविदेत बयाणा माफ आहे की नाही, ते त्या निविदेतच पाहायचं. उद्यमचा कागद दाखवून वाद घालण्यात हशील नाही.

जेमवर विक्रेता म्हणून नाव घालायला खातं मालकाच्या, भागीदाराच्या किंवा संचालकाच्या नावाने उघडावं लागतं. ऑपरेटर पोराच्या नावाने उघडू नका. आधारला जोडलेला मोबाइल जवळ हवा, ओटीपी त्यावरच येतो. बहुतेकांचं घोडं अडतं ते नावाच्या स्पेलिंगवर. आपल्याकडचा ज्ञानेश्वर आधारवर 'डी-एन-वाय'ने सुरू होतो आणि पॅनवर 'जी-वाय'ने, कुठे वडिलांचं नाव मध्ये असतं, कुठे गायब. पडताळणी तिथेच थांबते. आधी दोन्ही कागद एकसारखे करा, मग पोर्टल उघडा. माल टाकताना तो कोणत्या देशात बनला हेही सांगावं लागतं. चिनी माल स्टिकर बदलून खपवण्याचा विचार असेल तर सोडून द्या.

महाटेंडर्ससाठी वर्ग 3 ची डिजिटल स्वाक्षरी लागते, सही आणि एन्क्रिप्शन (निविदा कुलूपबंद करणं) दोन्हीची. एजंट कधी फक्त सहीची देतो, तेव्हा विचारून घ्या. टोकन (स्वाक्षरी साठवलेला यूएसबी) आणि पासवर्ड स्वतःकडेच ठेवा, सल्लागाराच्या ड्रॉवरमध्ये नको. निविदेच्या शेवटच्या संध्याकाळी तो फोन उचलत नाही.

रस्ते, इमारती, दुरुस्ती करणाऱ्यांचा रस्ता निराळा. त्यांना सार्वजनिक बांधकाम विभागाकडे कंत्राटदार म्हणून वर्गवार नोंदणी करावी लागते, त्यात आर्थिक क्षमता आणि केलेल्या कामांचे दाखले बघतात.

कुठे अडलंच तर सिव्हिल लाइन्समधल्या उद्योग भवनात जिल्हा उद्योग केंद्र आहे आणि सेमिनरी हिल्सच्या सीजीओ संकुलात केंद्राचं एमएसएमई कार्यालय. मार्गदर्शनाचे पैसे पडत नाहीत.

बिल थकलं तर: कायद्याने सूक्ष्म व लघु पुरवठादाराचे पैसे लेखी करार असला तरी 45 दिवसांत, करार नसेल तर 15 दिवसांत द्यायचे असतात. उशिराला बँक दराच्या तिप्पट, दरमहा चक्रवाढ व्याज लागतं आणि तक्रार केंद्राच्या एमएसएमई मंत्रालयाच्या पोर्टलवर करता येते. उद्यमची तारीख मात्र पुरवठ्याच्या आधीची असू द्या.