उडणारं आणि वाढणारं: एअर प्युरिफायर घ्यावा की डीह्युमिडिफायर?

गेल्या जुलैत आमच्याकडे एअर प्युरिफायर आला. धाकट्याला दमा आहे, पावसाळ्यात रात्री त्याची छाती वाजते. डोंबिवलीतलं तिसऱ्या मजल्यावरचं घर, जूनपासून कोंदट. दुकानातला मुलगा म्हणाला, "दमट हवेलाही हाच चालतो, मॅडम." ह्यांनी लगेच घेऊन टाकला. यंत्रावरचा दिवा दिवसरात्र हिरवा, हवेतल्या बारीक कणांचा (पीएम 2.5) आकडा बाराच्या आसपास. छाती मात्र वाजायची ती वाजतच राहिली. सप्टेंबरात एका लग्नासाठी ह्यांनी कपाटातून चामड्याचा पट्टा काढला, तर त्याच्यावर पांढरट-हिरवी लव आलेली.

दिवा खोटं बोलत नव्हता. पावसानं बाहेरची धूळ धुऊन नेली होती, हवेत पकडण्यासारखं फार काही उरलंच नव्हतं. जे होतं ते गादीत आणि कपाटामागच्या भिंतीवर वाढत होतं.

दोन्ही यंत्रं दिसायला जुळ्या बहिणी. पांढरं प्लॅस्टिक, जाळी, आत पंखा. पण प्युरिफायर फक्त गाळणी आहे. हवा हेपा नावाच्या, बारीक धाग्यांच्या दाट फिल्टरमधून जाते आणि तरंगणारे कण त्यात अडकतात. खरा हेपा 0.3 मायक्रॉनचे (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) 99.97 टक्के कण अडवतो, आणि हा आकार मुद्दाम निवडलाय, कारण तोच निसटण्यात सगळ्यात पटाईत. मोठे कण धाग्यांवर आपटतात, त्याहून बारीक कण वेडेवाकडे भरकटत शेवटी धाग्यालाच चिकटतात. पाण्याची वाफ मात्र यातून आरपार जाते. म्हणजे खोलीतली ओल होती तेवढीच राहते.

डीह्युमिडिफायर हा फ्रीजचा भाऊ. गार पाण्याच्या तांब्यावर बाहेरून थेंब जमतात ना, तेच तो गार नळ्यांवर घडवून आणतो आणि पाणी टाकीत सोडतो. बाहेर पडणारी हवा कोरडी आणि थोडी गरम असते, त्यामुळे खोली जरा तापते. आवाजही फ्रीजसारखाच, घूंऽऽ. आमच्याकडे तो नंतर आला, तेव्हा पहिल्या दिवशी टाकी दोनदा रिकामी केली. ते पाणी इन्व्हर्टरच्या बॅटरीत घालायचा मोह होतो. घालू नका, ते डिस्टिल्ड वॉटर नसतं. (दुकानात याच फळीवर ह्युमिडिफायर नावाचं तिसरं भावंडही असतं. ते हवेत पाणी सोडतं. पावसाळ्यात आपल्याकडे ते आणणं म्हणजे समुद्रात बादली ओतणं.)

ओल काढून दम्याला काय फायदा? तर डस्ट माइट. मिलिमीटरच्या जेमतेम तिसऱ्या हिश्शाएवढा हा जीव आपल्या अंगावरून झडलेल्या कातडीच्या कोंड्यावर जगतो. तो पाणी पीत नाही, लागणारं पाणी हवेतूनच शोषून घेतो. आर्द्रता 50 टक्क्यांच्या खाली बरेच दिवस राहिली की तो सुकून मरतो. जुलैत कोकणपट्टीत ती सहज 80 च्या वर असते, म्हणजे त्याची चैन. ॲलर्जी होते ती मुख्यतः त्याच्या विष्ठेची. तिचे कण साधारण 20 मायक्रॉनचे, म्हणजे हेपाच्या हिशेबात धोंडेच. चादर झटकली की ते उडतात आणि थोड्या वेळात पुन्हा खाली बसतात. कोपऱ्यातल्या प्युरिफायरपर्यंत ते पोचायच्या आत उशीवर टेकलेलं नाक त्यांना गाठतं.

तरीही नुसत्या डीह्युमिडिफायरनं भागत नाही. गादीचा गाभा सुकायला आठवडे लागतात, आणि माइट मेले तरी त्यांची घाण गादीतच राहते. म्हणून गादी-उशांना घट्ट विणीची, चेनवाली कव्हरं आणि चादरी-अभ्रे आठवड्यातून एकदा 60 अंशांच्या पाण्यात. माझ्या मते पहिला पैसा इथेच घालावा, यंत्र नंतर. दम्याचा पंप अर्थातच डॉक्टर सांगतील तसा चालू. ॲलर्जीची टेस्ट केलेली असेल तर निवड आणखी सोपी होते.

भिंतीवरच्या बुरशीचंही असंच. तिचे हवेतले बीजकण प्युरिफायर पकडतो, पण भिंत नवे सोडतच राहते. आणि वरच्या बाथरूममधून पाणी झिरपत असेल, पोपडे निघत असतील, तर आधी गळती बंद करा. तिथे दोन्ही यंत्रं निकामी.

मग प्युरिफायर कशाला? पाऊस सरल्यावरच्या धुरकट हवेला. शेजारी टॉवर उठत असेल, खिडकीखाली कचरा जळत असेल, घरात कोणी कॉइल लावत असेल, तर त्याला भरपूर काम आहे. एका अभ्यासात मच्छर कॉइलमधून 75 ते 137 सिगारेटींइतके सूक्ष्म कण निघालेले आढळले, तेव्हा कॉइल विझवणं हा सगळ्यात स्वस्त प्युरिफायर. धूप-उदबत्तीही तशीच, कोंदट वास जावा म्हणून धूप घालणाऱ्या घरात दमेकरी असला की मला धडकीच भरते. घेताना सीएडीआर बघा, म्हणजे यंत्र तासाला किती घनमीटर स्वच्छ हवा देतं तो आकडा. 10 बाय 12 ची, साडेनऊ फूट उंचीची खोली म्हणजे जवळपास 32 घनमीटर हवा. ती तासाला पाचदा गाळायची तर 160 घनमीटर लागतात. काही प्युरिफायरमध्ये हवेत विद्युतभारित कण सोडणारा आयोनायझर असतो, त्याचं बटण बंद ठेवा. त्यातून ओझोन वायू निघू शकतो आणि तो दम्याला वाईट. गॅसच्या शेगडीचा नायट्रोजन डायऑक्साइड हेपाला अडवता येत नाही, त्याला एक्झॉस्ट फॅनच हवा.

काही विकत घ्यायच्या आधी काहीशे रुपयांचा आर्द्रतामापक आणा. आमच्याकडे पहिल्या दिवशी त्यावर 84 दिसले. बेडरूममधल्या दोरीवरचे ओले कपडे बाहेर काढले तसा आकडा थोडा उतरला. एसी असेल तर त्याचा ड्राय मोड, थेंबाचं चित्र असलेला, बरंच काम फुकटात करतो. विदर्भ-मराठवाड्यात गोष्ट उलटी: उन्हाळ्यात हवा कोरडी, आणि ओल आणतो तो कूलर, त्याच्या वास मारणाऱ्या गवतासकट.

आमचा प्युरिफायर तेव्हा पलंगाखाली गेला. लक्ष्मीपूजनाच्या रात्री खिडक्या लावून पुन्हा चालू केला, तेव्हा दिवा लाल आणि आकडा 210 होता. धाकटा झोपेपर्यंत तो तिसाखाली आला.