वंध्यत्वविषयक जनजागृती

मूल होण्यात येणाऱ्या अडचणींची शास्त्रीय माहिती लोकांपर्यंत पोचवणे, त्याभोवतीची लाज आणि दोषारोप कमी करणे व जोडप्याला वेळेत योग्य तपासणीकडे नेणे यासाठी होणारे प्रयत्न. गर्भनिरोधक साधन न वापरता नियमित शरीरसंबंध असूनही १२ महिन्यांत दिवस राहिले नाहीत, तर त्या स्थितीला वंध्यत्व म्हणतात. पहिले मूल सहज झाल्यावर दुसऱ्या खेपेस अडचण येते, तेही वंध्यत्वच. वैद्यकात त्याला दुय्यम वंध्यत्व म्हणतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२३ मधील अंदाजानुसार जगातील दर सहा प्रौढांपैकी सुमारे एकाला आयुष्यात कधी ना कधी हा अनुभव येतो.

महाराष्ट्रात लग्नाला वर्ष उलटले की ‘काही गोड बातमी?’ अशी विचारणा सुरू होते आणि ती सुनेकडेच होते. डोहाळजेवणात, बारशात, ओटी भरताना तिला मागे ठेवण्याची रीत काही घरांत अजूनही टिकून आहे. नवस, उपास, अंगारे-धुपारे तिच्याच वाट्याला येतात आणि दवाखान्याची पायरीही आधी तीच चढते. पुढे फाइल जाड होत जाते. तिच्या सोनोग्राफ्या, रक्ताचे अहवाल, गर्भनलिकांचा एक्स-रे, कधी दुर्बिणीची तपासणी, सगळे त्यात असते. नवऱ्याच्या वीर्यतपासणीचा एक कागद मात्र पुष्कळदा नसतो. प्रत्यक्षात जवळजवळ निम्म्या जोडप्यांत पुरुषाकडचे कारण असते, एकटे किंवा स्त्रीकडच्या कारणाच्या जोडीने. त्यामुळे दोघांची तपासणी एकाच वेळी सुरू व्हावी, हा या जनजागृतीतला सर्वांत निकडीचा मुद्दा आहे.

वीर्यतपासणी स्वस्त असते आणि तिच्यात सुई टोचावी लागत नाही. आधी २ ते ७ दिवस संबंध टाळायचे आणि नमुना प्रयोगशाळेने दिलेल्या डबीत घ्यायचा. घरी घेतला तर फ्रिजमध्ये न ठेवता अंगाच्या उबेला धरून तासाभरात पोचवायचा. शुक्राणू तयार व्हायला साधारण अडीच महिने लागतात, त्यामुळे मोठा ताप येऊन गेला असेल तर पुढे काही काळ संख्या घटलेली दिसू शकते. म्हणून एका खराब अहवालावर निदान पक्के न करता तपासणी पुन्हा करतात. शरीरसंबंधाची क्षमता उत्तम असलेल्या पुरुषाच्याही वीर्यात शुक्राणू नसू शकतात. नपुंसकता आणि वंध्यत्व यांची गल्लत झाल्यामुळेच अनेक पुरुष तपासणी टाळतात. व्यायामशाळेत शरीर कमावण्यासाठी घेतलेल्या टेस्टोस्टेरॉन या पुरुषी संप्रेरकाच्या इंजेक्शनांनी शुक्राणूंची निर्मिती मंदावते, प्रसंगी थांबते, हे तरुणांना लग्नाआधीच सांगायला हवे.

स्त्रियांच्या बाबतीत वय ही गोष्ट स्पष्टपणे बोलली पाहिजे. स्त्रीबीजांची संख्या व गुणवत्ता वाढत्या वयाबरोबर घटते आणि पस्तिशीनंतर हा वेग वाढतो. म्हणून त्या वयापुढे वर्षभर न थांबता सहा महिन्यांनीच डॉक्टरांना भेटण्याचा सल्ला दिला जातो. पाळी फार अनियमित असेल तर त्याहीआधी जावे. पीसीओएस, म्हणजे संप्रेरकांच्या असंतुलनामुळे पाळी अनियमित होण्याचा विकार, आता बहुतेकांच्या कानावर आहे, जननेंद्रियांच्या क्षयाबद्दल मात्र फारसे कोणी बोलत नाही. भारतात हे महत्त्वाचे कारण आहे. क्षयाचे जंतू रक्तातून गर्भनलिकांपर्यंत पोचतात आणि खोकला नसताना, कधी कोणतेच लक्षण नसताना, नलिका बंद पाडतात. क्षयाचे उपचार सरकारी यंत्रणेत मोफत मिळतात, पण नलिकांची झालेली हानी औषधाने भरून येईलच असे नाही. निदान लवकर होण्याला म्हणूनच मोल आहे.

भारतात १९५२ पासून कुटुंबनियोजनाचा सरकारी कार्यक्रम आहे. त्याचे चिन्ह असलेला लाल त्रिकोण गावोगावच्या भिंतींवर पोचला, पण ज्यांच्या घरी पाळणा हलत नव्हता त्यांच्याशी बोलणारा संदेश त्या भिंतींवर क्वचितच दिसला. ही उणीव मोठी आहे. इंग्लंडमध्ये २५ जुलै १९७८ रोजी पहिली टेस्ट ट्यूब बेबी, म्हणजे स्त्रीबीज व शुक्राणू यांचे मीलन शरीराबाहेर घडवून झालेले बाळ, जन्मली आणि या विषयाला जगभर वाचा फुटली. त्याच वर्षी ३ ऑक्टोबरला कोलकात्यात डॉ. सुभाष मुखोपाध्याय यांच्या प्रयत्नांतून अशीच एक मुलगी जन्माला आली. सरकारी समितीने त्यांचा दावा फेटाळला. १९८१ मध्ये त्यांनी आत्महत्या केली. ६ ऑगस्ट १९८६ रोजी मुंबईच्या केईएम रुग्णालयात डॉ. इंदिरा हिंदुजा व डॉ. टी. सी. आनंद कुमार यांच्या चमूच्या प्रयत्नांनी जन्मलेले बाळ देशातले पहिले मानले गेले. पुढे आनंद कुमार यांनी मुखोपाध्याय यांच्या नोंदी तपासल्या आणि पहिलेपणाचा मान त्यांचाच, असे १९९७ मध्ये जाहीरपणे लिहिले. भारतीय विज्ञानातला हा फार मोठ्या मनाचा प्रसंग म्हणावा लागेल.

कायद्याची माहिती हाही जनजागृतीचा भाग आहे. हिंदू विवाह कायदा, १९५५ नुसार केवळ मूल होत नाही म्हणून घटस्फोट मिळत नाही, आणि पहिली बायको असताना मुलासाठी दुसरी करणे हा गुन्हा आहे. सहायक जननतंत्राविषयीच्या, म्हणजे टेस्ट ट्यूब बेबीसारख्या उपचारांविषयीच्या, २०२१ च्या कायद्याने हे उपचार देणाऱ्या केंद्रांना नोंदणी बंधनकारक केली, स्त्रीसाठी २१ ते ५० आणि पुरुषासाठी २१ ते ५५ अशी वयोमर्यादा घातली. त्याच वर्षीच्या दुसऱ्या कायद्याने व्यावसायिक सरोगसीवर, म्हणजे पैसे घेऊन दुसऱ्यासाठी मूल पोटात वाढवण्यावर, बंदी आली.

मोफत शिबिरे आणि रस्त्यावरचे फलक यांतून आज जी माहिती मिळते तिच्यातली बरीच खासगी केंद्रांची जाहिरात असते. फलकावरचा यशाचा आकडा बहुधा दिवस राहिल्याचा असतो. त्यातले काही गर्भ टिकत नाहीत, त्यामुळे मूल मांडीवर आल्याचे प्रमाण त्याहून कमी असते आणि स्त्रीच्या वयानुसार ते बरेच बदलते. केंद्राची नोंदणी आहे का, आपल्या वयोगटात किती जणींना मूल झाले आणि उपचाराच्या एका फेरीचा औषधांसकट खर्च किती, हे पैसे भरण्याआधी विचारण्याचा जोडप्याला पूर्ण अधिकार आहे.